अंगठा म्हणजे हो की नाही?

आई, बाबा,

मोबाइलवरचा तुमचा अंगठा म्हणजे हो असतं की नाही? हे विचारूनच दाखव, अशी पैज लावलीय मैत्रिणींनी. "उद्या पाच वाजता स्पर्धेत माझं भाषण आहे, नक्की या," असं मी परवा घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. दोघांनीही लगेच अंगठा पाठवलात. मी वेडी शाळाभर सांगत सुटले, पहिल्या रांगेत दोन खुर्च्याही अडवून ठेवल्या!

"कुठायत गं तुझे आईबाबा?" बाईंनी विचारलं.

"त्यांनी अंगठा दाखवला, बाई!" मैत्रीण म्हणाली. सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. मग अशी काही ठणकावून बोलले, की या फेरीत पहिलीच आले!

घरी आले तर आई मालिकेत, बाबा मोबाइलमध्ये. "जेवलीस का?" एवढंच विचारलंत, तेही पडद्याकडे बघत. म्हणून ही चिठ्ठी टीव्हीच्या काचेवर चिकटवलीय, तिथे तरी दिसेल. दूध तापवून ठेवलंय.

आज मी मावशीकडे राहतेय. उद्या अंतिम फेरी आहे. जिंकणाऱ्या मुलीच्या पालकांना स्टेजवर बोलावतात. मी मावशीचं नाव द्यायचं ठरवलंय. तुम्ही येऊ नका.