कुडाबाहेर

अण्णा, त्या सकाळी मी अंगण झाडलं, म्हशीचं शेण काढलं, दोन कळशा पाणी आणलं आणि आईने दिलेला चहाचा तांब्या घेऊन वाडीकडे निघाले. तुम्ही केळीच्या वाळल्या सोपाच्या दोरीने विड्याच्या पानवेली बांधत होतात. मी कुडाचं फाटक लोटलं, तसे तिथूनच ओरडलात, “थांब! न्हालीस कधी?” मी म्हटलं, “काल.” “कालच ना? मग तांब्या बाहेर ठेव आणि चालू लाग.” मला नुकतीच पाळी येऊ लागली होती, आणि पाळीचं न्हाणं झाल्यावरही काही दिवस बाईने पानवेलींजवळ जायचं नाही, असा तुमचा नियम होता. मी तांब्या ठेवला, आणि जाता जाता कुडाच्या फटीतून मला दिसलं, की खालच्या अंगाचा पाट तुंबलाय आणि वेलींच्या बुडाशी पाणी उभं आहे. मी तसं सांगितलंही. तुम्ही म्हणालात, “तू तिकडे बघायचंच कशाला?”

त्या वर्षी वेली मुळातून सडल्या. तुम्ही ओटीवर बसून चार माणसांदेखत म्हणालात, “घरात पोरी मोठ्या झाल्या की वाडी अशीच बसते.” माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. पाट उपसायचं काम कोणाचं होतं, हे कोणी विचारलं नाही. पुढे लग्न होऊन मी फ्रँकफर्टला आले, मुलीच्या चित्रांच्या पुस्तकांतून जर्मन वाचायला शिकले, मग बिब्लिओटेकमधून मोठी पुस्तकं आणायला लागले. त्यातल्या एकात वाचलं, साचलेल्या पाण्याने वेलींची मुळं कुजतात. एक साधी ओळ होती. ती वाचली तोवर तुम्ही जाऊनही बरीच वर्षं झाली होती. भांडायला माणूस उरला नव्हता.

पण वाचून सगळं सुटत नाही. तुमचे जावई बाल्कनीत झाडं लावायचे, मिरच्या, गवती चहा, एक कढीपत्ता. हिवाळ्यात कढीपत्ता घरात, हीटरपासून लांब, लेकरासारखा. मी कधी पाणी घातलं नाही. त्यांना वाटायचं मला आवड नाही, आणि मीही तसंच वाटू दिलं. ते गेले तेव्हा माझी पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. विटाळाचा प्रश्न संपला होता. तेव्हा मला आत्या आठवली. नव्या वेली लावायच्या दिवशी तुम्ही तिला मागच्या दाराने शेजारी पाठवून द्यायचात, कारण तिला नवरा नव्हता. अण्णा, आधी पाळी, मग वैधव्य. बाईने वाडीत यावं असा दिवस तुमच्याकडे होता तरी कधी?

झाडांना पाणी मुलगी घालते. दर शनिवारी उबानने, भुयारी रेल्वेने येते, कुरकुरत घालते. आता तिला रेगेन्सबर्गला नोकरी लागली आहे. “मी गेल्यावर कोण घालणार? तू घालणार नसशील तर कढीपत्ता मी नेते,” म्हणाली. मी विषय बदलला. जायच्या आधी माझं मन रमावं म्हणून ती मला दोन आठवडे कॅरिबियनमधल्या एका बेटावर घेऊन गेली.

तिथे एक फार जुनी बाग आहे. गोऱ्यांनी जहाजांतून झाडं आणून लावलेली. आंबा, जायफळ, दालचिनी, नीरफणस, सगळी आपल्याकडची मंडळी, पायाशी पाट्या घेऊन उभी. बाग दाखवणारी बाई माझ्याच वयाची, काळी, ठसठशीत, बोलता बोलता स्वतःच हसणारी. एका ताडावर चढलेली वेल दाखवून म्हणाली, “ही तुमच्याकडची. पान चुरगाळून बघा.” वासाआधीच मी ओळखली होती, पानवेलच. मी दोन पावलं मागे सरले. पदर नव्हता, तरी हात पदर आवरायला गेला.

“आई, फास दोख आन! हात लाव ना.”

“नको. मी नाही लावायचा.”

“वारूम? का पण?”

मी सांगितलं. मराठीत, हळू आवाजात, त्या बाईला कळू नये म्हणून. मुलगी आधी हसली. मग तिचं हसणं थांबलं. “म्हणजे म्हणून तू बाबांच्या झाडांना पाणी घालत नाहीस? आणि मला वाटायचं, त्यांची आठवण येते म्हणून तुला जवळ जाववत नाही.” पुढचं ती जर्मनमध्ये बोलली, रागावली की तसंच बोलते. त्यातलं शेवटचं असं, की तो म्हातारा मरून इतकी वर्षं झाली आणि अजून फाटकात उभा आहे.

म्हातारा म्हणाली तुम्हाला. मी तिला रागावले नाही.

बाग दाखवणाऱ्या बाईला वाटलं मला ऊन लागलं. तिने मला बाकावर बसवलं, पाणी दिलं, म्हणाली, “मुली ओरडतातच हो. माझी तर फोनवरूनसुद्धा ओरडते.” वेल समोर होती. तिच्या बुडाशी कोणीतरी नीट चर खणून पाणी जायला वाट केली होती. मी तो चर बघत बसले. तेवढंच करायचं होतं, अण्णा. मी सांगितलं होतं. त्या दिवशीही मी पानाला हात लावला नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नव्हे, लावताच आला नाही.

काल रात्री घरी पोचलो. पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून आजचंही लिहिते. आज सकाळी मी अंघोळ केली. अंघोळ केल्याशिवाय धीर झाला नाही, एवढे तुम्ही अजून माझ्यात आहात. मग बाल्कनीत जाऊन कढीपत्त्याची माती उकरली, कुंडीचं बुजलेलं भोक काडीने मोकळं केलं आणि पाणी घातलं. मुलीला फोन करून सांगितलं, कुंडी इथेच राहील.