सतरंजीवरची हजेरी

५ जानेवारी १९६३, अमरावती

अखेर नोकरी लागली! बी. ए. झाल्यापासून अकोला-अमरावतीच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि लागली ती अशी: दुपारची जेवणं आटोपली की एका म्हाताऱ्याला लढाईची पुस्तकं वाचून दाखवायची. आईला सांगितलं तर तिला वाटलं मी थट्टा करतोय. तिच्या हिशेबी वाचणं हे आळशी माणसाचं काम, त्याचा पगार कोण देईल?

म्हातारा म्हणजे सुभेदार महादेवराव. शेतकरी घरचे, गेल्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेले, आता दोन्ही डोळे गेलेले. कॅम्पात त्यांचं कौलारू घर आहे. दिवाणखान्यात भिंतभर कपाटं आणि कपाटांत युद्धाशिवाय दुसरं काही नाही. सेनापतींची आत्मचरित्रं, मोहिमांचे इतिहास, कैदेतल्या आठवणी. इतकी पुस्तकं मी कॉलेजातही मोकळ्या हातानं चाळली नव्हती. मला मागच्या खोलीत राहायला जागासुद्धा दिली. मी हरखून गेलो आहे, लपवत नाही.

घरात स्वयंपाकाला माणिकबाई आहेत. त्यांनी मला चहा दिला तो खिडकीत वेगळा ठेवलेल्या कपात. सुभेदारांना दिसत नाही, मला दिसतं. आम्ही बौद्ध झालो त्याला सहा वर्षं झाली, कप अजून जुन्याच धर्मात आहे. पण आज मी खुशीत आहे, कपाशी भांडण उद्यापासून.

१६ जानेवारी

कामात रुळलो. इथली रीत मजेची आहे. पुस्तक इंग्रजी, पण सतरंजीवर बसलेले पेन्शनर जवान आणि कॉलेजातली पोरं वऱ्हाडी. तेव्हा डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडानं वऱ्हाडी सांगायचं. प्रत्येक वाक्याला सुरुवात 'साहेब म्हणते' अशी करायची, म्हणजे जे काही बरंवाईट असेल ते साहेबाच्या माथी.

कोणतं पुस्तक वाचावं हे विचारायला सुभेदारांकडे लांबून माणसं येतात. त्यांची कसोटी एकच. ज्या पुस्तकात लिहिणाऱ्याला भूक लागते, त्याचे पाय सुजतात, ते खरं. जनरल साहेबांची पुस्तकं ते फक्त अफसरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या पोरांना सुचवतात. 'तिथं खरं बोलून फायदा नाई,' म्हणतात. आज एका मास्तराला मीच एक कैदेतल्या आठवणींचं पुस्तक सुचवलं. सुभेदार मिशीत हसले.

त्यांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला सतरंजीवर कोणी बसत नाही. कितीही गर्दी असो, तेवढी जागा मोकळी असते. मी एकदा बूड टेकणार तोच एका पेन्शनरानं दंड धरून मला बाजूला घेतलं.

२ फेब्रुवारी

नांदगाव खंडेश्वरला जाऊन आलो. बुधाची काही खबर नाही.

बुधा माझा धाकटा भाऊ. नोव्हेंबरात चीनच्या लढाईत नेफात, ईशान्येच्या सरहद्दीवर होता. तार आली ती 'बेपत्ता' एवढीच. मेला म्हणाले असते तर आईनं रडून घेतलं असतं, पकडला म्हणाले असते तर वाट पाहिली असती. आता ती दोन्ही करते आणि जेवत मात्र नाही. ताट वाढून घेते, दाराकडे पाहते, ताट झाकून ठेवते. मनगट धरलं तर काडी हाताला लागते. तिला फक्त एक शब्द हवा आहे, आहे की नाही. तो मी आणून देईन असं तिला सांगून आलो. ही नोकरी धरली त्यातही तोच स्वार्थ होता. सुभेदारांच्या पलटणीत ओळखी आहेत. त्यांनी पत्रं पाठवली आहेत. उत्तर नाही.

११ फेब्रुवारी

आज जीभ आवरली नाही. ब्रह्मदेशातल्या मोहिमेचं पुस्तक चालू आहे. नदी ओलांडण्याचा प्रसंग. साहेबानं आपल्या घोड्याचं नाव लिहिलंय, कुत्र्याचं लिहिलंय, बुडालेल्या व्हिस्कीच्या पेटीवर अर्धं पान खर्ची घातलंय. आणि शेवटी एक ओळ: आपली हानी किरकोळ होती. किरकोळ! माझं डोकंच फिरलं. आमच्या वस्तीतला पुंजाराम त्याच लढाईत, अशाच एका नदीत गेला होता. मी पुस्तकात नसलेलं वाक्य घातलं: 'साहेब म्हणते, पह्यले पान्यात उतरला तो नांदगावचा पुंजाराम.'

पेन्शनरांनी माना डोलावल्या. सुभेदारांनी डोलावली नाही. आज एवढ्यावरच थांबा म्हणाले आणि उठून गेले.

१४ फेब्रुवारी

सतरंजीवर दाराजवळ एक जागा ओली आहे. माणिकबाई मला बोलल्या, मी पाणी सांडलं म्हणून. मी सांडलं नाही. उन्हात टाकली, वाळली. दुपारी वाचायला बसलो तर पुन्हा ओली, आणि ओल माणूस मांडी घालून बसावा तेवढीच. चिखलाचा वास येतो. कॉलेजातली पोरं आपसूक सरकून बसली. आपण का सरकलो हे त्यांना विचारलं तर सांगता आलं नाही.

२० फेब्रुवारी

सुभेदारांनी आज सगळे गेल्यावर मला थांबवलं. पुस्तकात नाव घालू नको, म्हणाले. साहेबांनी नावं लिहिली नाहीत तेच बरं केलं. मी चिडून विचारलं, कुत्र्याचं लिहिलं आणि माणसाचं नाही, यात बरं ते काय? त्यावर त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो: 'शिपायाचं नाव घेतलं का त्याले हजर व्हा लागते. कुठीबी असो. मीनं वामनले असंच बलावलं होतं, डोळे होते तवा. आला. मंग गेला नाई.'

वामनराव त्यांचा पलटणीतला दोस्त, ब्रह्मदेशात जंगलात हरवला, सापडला नाही. खुर्चीच्या उजवीकडची जागा त्याची. तिथं हात ठेव म्हणाले. ठेवला. सतरंजी मऊ होती आणि खालून ऊब येत होती. मी हात झटकून काढला.

भ्यालो. पण खोटं कशाला लिहू, मागच्या खोलीत आल्यावर भीतीच्या पाठोपाठ दुसराच विचार आला.

धुळवडीचा दिवस, मार्च

बाहेर रंग चालला आहे. आम्ही आता होळी करत नाही. पेन्शनर आले नाहीत, सुभेदार आत झोपलेले. दिवाणखान्यात मी एकटा.

विचार सरळ होता. नाव घेतलं की मेलेला येतो. पुंजाराम आला, वामनराव आला. मग बुधाचं नाव घ्यावं. आला तर गेला. नाही आला तर कुठेतरी जिवंत आहे. आईला एक शब्द तर मिळेल. काल गावाहून निरोप आला की तिनं पाणीही सोडलंय. याहून दुसरा उपाय मला सुचला नाही.

डोंगरातल्या लढाईचं पुस्तक काढलं आणि मोठ्यानं म्हणालो, 'साहेब म्हणते, बर्फात सगळ्याइच्या पुढं गेला तो बुधा, नांदगाव खंडेश्वरचा.'

बराच वेळ काही नाही. मी हसलोसुद्धा. हुश्श केलं. मग भिंतीजवळ बोटं मोडल्याचा आवाज आला. करंगळीपासून सुरुवात, एकेक करत अंगठ्यापर्यंत, तशीच, लहानपणी मी अभ्यासाला बसलो की बुधा शेजारी बसून मोडायचा तशी.

तिथली सतरंजी बर्फासारखी गार पडली आहे.

बुधा गेला. माझा बुधा गेला.

२५ मार्च

आईला सांगून आलो. कसं कळलं ते तिनं विचारलं नाही. वस्तीतले सगळे जमले, वंदना झाली, बाया म्हणाल्या 'जाई, रडून घे', आणि आई मोकळं रडली. तिसऱ्या दिवशी भाकर खाल्ली. माझ्या हातून एवढं तरी चांगलं झालं असं मनाशी म्हणत परतलो.

१२ एप्रिल

आई इथं आली आहे. मी एकदा बोलून गेलो होतो की वाचताना बुधा जवळ असल्यासारखा वाटतो, तेवढ्यावर आली. दिवाणखान्यात पाऊल टाकताच थेट भिंतीशी गेली, त्या गार जागेशेजारी बसली. मी काही दाखवलं नव्हतं. रोज बसते. बाहेर उन्हानं फुफाटा झालाय आणि ही पदर अंगाभोवती लपेटून कुडकुडते, आणि हसते. कित्येक महिन्यांत तिला अशी हसताना पाहिली नव्हती.

माणिकबाई आता दिवाणखान्यात झाडू मारायला जात नाहीत. पेन्शनर येणं बंद झालं.

४ मे

नत्थुजी आला होता. बुधाच्या पलटणीतला, आमच्याच तालुक्यातला. चीननं कैदी सोडले, त्यात सुटून आला. पायाची बोटं थंडीनं गेली आहेत. आई कुठं आहे ते विचारत गावाहून इथवर आला.

त्यानं सांगितलं ते लिहायला हात धजत नाही. लिहितो.

बुधा कैदेत त्याच्याबरोबर होता. जिवंत. पायाला जखम होती, ती भरत आली होती. चांदावरून दिवस मोजून पोरांनी धुळवड केली, रंग नाही म्हणून चुलीतली राख एकमेकांना फासली. बुधा सगळ्यांत जास्त हसत होता. दुपारी उन्हाला बसले असताना एकदम ताडकन उठला, कोणी बोलावल्यासारखा ताठ उभा राहिला आणि ओरडला, 'हजर, साहेब!' आणि पडला. डॉक्टर आला तोवर संपलं होतं.

नत्थुजी म्हणाला, 'कोनं बलावलं होतं त्याले, काय मालूम. आमी तं आयकलं नाई.'

आई माझ्याकडे पाहत होती.

५ मे

सुभेदारांच्या अंगावर धावून गेलो. जिवंत माणसालाही लागू होतं हे का सांगितलं नाही? गळ्याशी धरलेला माझा हात त्यांनी सोडवलाही नाही. म्हणाले, 'कुठीबी असो, असं म्हटलं होतं मी. वामन तवा मेला होता का नाई, ते मीनं कदी कोनाले इचारलं नाई. इचाराची हिंमतच झाली नाई.'

इतकी वर्षं याच खुर्चीत बसून हा माणूस लोकांना खरी पुस्तकं सुचवत होता.

९ मे

आई रागावली असती तर बरं झालं असतं. मारलं असतं तरी. काल एवढंच म्हणाली, 'त्याले बलावलं ना तुनं. मंग मले बी बलाव.'

मी पाया पडलो. गावी चल म्हणालो. ती म्हणते, पोरगा इथं गारठून राहिला, मी कुठं जाऊ.

१० मे

पुन्हा तेच. पुस्तक आणून मांडीवर ठेवते. एकच वाक्य वाच, म्हणते. मी नाही वाचत. घरात मी तिला फक्त आई म्हणतो, नत्थुजीलाही बजावून धाडलं, तिचं नाव —

११ मे

पुस्तकं जाळायला घेतली. ओली. सगळी कपाटं आतून ओली —

बुधा सरकला. आई सांगते, तिच्यासाठी जागा केली त्यानं. बोटं मोडून राहिला. सारखी —

१२ मे, दुपार

हे दिवाणखान्यात बसून लिहितोय. तिच्यावर नजर ठेवायची म्हणून, आणि हातात लेखणी असली की पुस्तक उचललं जात नाही म्हणून. उद्या सकाळी बैलगाडी सांगितली आहे. उचलून घालीन पण नेईन. सुभेदार भिंतीकडे तोंड करून बसलेत.

आई उठली. कपाटातून पुस्तक काढलं तिनं. काढू दे, तिला अक्षर येत नाही. उलटं धरलंय —

उघडलं. ओळीवर बोट ठेवलं. माझ्यासारखंच —

वाचायला यायची गरज नाही. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? आपलं नाव घ्यायला कुठं वाचता यावं लागतं — आई, नको — लेखणी टाकून उठायला हवं, पाय — कोणीतरी माझे पाय धरलेत, गार —

ती म्हणते आहे. साहेब म्हणते, त्याच्या मांगं मांगं बर्फात गेली ते त्याची माय, जाई