पाचही बोटं दिसणारा फोन

६ एप्रिल

रोविलिनचा मेसेज आला. "आई सातवा लागला. भीती वाटते." संपलं! कसली भीती? कुणाची? जावई नीलो नीट वागतो ना? माझ्या बटणांच्या फोनवर एकेक अक्षर दाबून विचारलं — काय झालं? अर्ध्या तासानं उत्तर आलं, "काही नाही. जेवलीस का."

जेवले! घास उतरला नाही ते वेगळं.

लोक म्हणतात फोन कर. कुणाला करू? माझ्या पोरीच्या कानाशी चर्चमधली घंटा बडवली तरी तिला ऐकू जात नाही. जन्मापासूनच. ती हातांनी बोलते. आणि बोलायला लागली की अख्खं बंदर तिच्यापुढे गप्प! पण मेसेजात तिचे हात नसतात. नुसते चार शब्द, वाळलेले.

लग्न करून दावाव शहरात गेली त्याला दोन वर्षं झाली. नीलोलाही ऐकू येत नाही. दोघं एका बेकरीत पाव पिशव्यांत भरतात. जावं म्हटलं तर बोटीनं दीड दिवस, आणि नवऱ्याचा, तेबानचा पाय होडीखाली सापडल्यापासून त्याला परसापर्यंत न्यायलाही मीच लागते.

तोंड दिसेल असा फोन घ्यायचा. ठरलं.

७ एप्रिल

तेबानला सांगितलं. म्हणतो, "घे, पण आवाज खणखणीत बघून घे. मला पडल्या पडल्या कोंबड्यांच्या झुंजी ऐकता येतील."

मी म्हटलं, "या घरात तुझा आवाज आहे तेवढा पुष्कळ आहे."

हसला. पाय मोडल्यापासून पहिल्यांदा.

९ एप्रिल

पासिंगच्या दुकानात गेले. साबण, तांदूळ, अर्धी काडेपेटी, फोनमध्ये भरायचा लोड — सगळं तिच्याकडे सुटं मिळतं. मला ती नांग म्हणते, थोरली बहीण. ती म्हणाली, "नांग सेर्या, आधी सिम ठरव. फोन सोन्याचा घेतलास आणि बेटावर सिग्नलची रेघ आली नाही, तर त्यावर मासे चिरत बस."

बाई बोलते तोंडाळ, पण खरं.

बेटावर तीन सिमं चालतात. कंपन्यांची नावं कुणी घेत नाही. पासिंगवालं, कप्तानवालं, टीचरवालं — ज्यानं पहिल्यांदा आणलं त्याचं. सगळ्यांत स्वस्त पासिंगवालं. पंधरा पेसोत तीन दिवस बोलणं फुकट, मेसेज फुकट.

"मला बोलायचं नाही," मी म्हटलं. "मला बघायचंय."

"मग त्याला नेट लागतं. ते महाग."

"किती महाग?"

"आधी चालतं का ते तरी बघ गं! भाव आधी विचारतेस!"

११ एप्रिल

आज मासे लवकर संपवले. अडीच टोपल्या दांगित चिरले, मिठात टाकले. मग तिन्ही सिमांचे फोन मागून आणले. कप्तान, आमचा गावप्रमुख, देता देता म्हणाला, "हात धुऊन घे हं, मागच्या वेळी माझ्या फोनला आठवडाभर वास येत होता." मासळीच्या गावचा कप्तान आणि वासाला नाक मुरडतो!

पासिंगला आणखी एक फोन देऊन तिच्या दुकानाच्या दारात उभं केलं; माझ्या हातातला फोनही प्रत्येक वेळी तीच लावून द्यायची. सांगितलं, हात हलवत राहा, थांबू नकोस. आणि मी हिंडले. चर्चमागे, विहिरीपाशी, कप्तानाच्या गच्चीवर. पासिंगवाल्या सिमवर पासिंगच येईना! कप्तानवाल्यावर आली, पण हात वर केला तो तसाच. बुजगावणं! मी इकडून ओरडतेय, हलव गं, हलव — आणि ती बिचारी तिकडे घाम गाळत हलवतच होती.

शेवटी कंटाळून घरी आले. आमचा वाळवणाचा माच पाण्यावर पुढे काढलेला आहे, बांबूचा. त्यावर मासे उलटायला चढले, टीचरवाला फोन हातातच होता. आणि पासिंग आली! पुरती. हात हलतायत, बोटं हलतायत, मागे टांगलेली शांपूची पाकिटं वाऱ्यावर हलतायत. मी मासे विसरले. दुकान इथून नारळांच्या पलीकडे, दिसतसुद्धा नाही. आणि इथे माझ्या तळहातावर पासिंग कपाळाचा घाम पुसत्येय!

तेव्हा ती म्हणाली, "आता थांबू का, नांग? खांदे गेले माझे."

टीचरवालं. पन्नास पेसोत तीन दिवस. रोज परवडणार नाही. आठवड्यातून एकदा भरायचं.

१४ एप्रिल

पहिल्या होडीनं पलीकडच्या मोठ्या गावात. बाजारात पिदियोचा ठेला — दुरुस्तीही करतो, जुने फोनही विकतो. मी साठवलेले दोन हजार रुमालात बांधून नेले होते.

तो पहिला फोन काढून माझ्या कानाला लावायला लागला. "ऐका, आई, काय आवाज आहे!" मी त्याचा हात बाजूला केला. म्हटलं, आवाजाचं मला काही सांगू नकोस. एक फोन तू धर, एक मी धरते. तू तिकडे नारळवाल्यापाशी जा आणि मला हात दाखव.

गेला. पहिल्या फोनात त्याची पाच बोटं एकमेकांना चिकटून वल्हं झालं. नको. दुसऱ्यात बोटं सुटी होती, पण हलवली की धूर. नको. तिसरा चांगला होता, साडेसहा हजार. चौथ्यालाही तेच. माणसं गोळा झाली. नारळवाला म्हणाला, "बाई फोन घेतायत का हात बघून भविष्य सांगतायत?"

"तुझं सांगू का?" मी म्हटलं. "कुजका नारळ निघणार आज."

मग पिदियोनं खालच्या खणातून एक काढला. म्हणाला, हा समुद्रात पडला होता. सगळं नीट चालतं, आवाज तेवढा गेला. ना जातो ना येतो. म्हणून अठराशे. कुणी घेत नाही.

लावला. तो नारळवाल्यापाशी. बोटं हलवली — एक, दोन, तीन, चार, पाच! करंगळीवरच्या भाजल्याचा डागसुद्धा दिसला. भाजल्याचा डाग! इथून!

"हाच," मी म्हटलं.

तो म्हणतो, "आई, आवाज नाही म्हणून सांगितलं मी. नंतर भांडायला येऊ नका."

"आवाज घेऊन मी काय करू?" मी म्हटलं. "लोणचं घालू?"

१५ एप्रिल

फोनला माझं बोट कळत नाही! तेबानचं कळतं, पासिंगचं कळतं. माझं नाही. मी दाबते, घासते, शिव्या देते. काच ढिम्म. पासिंगनं माझं बोट उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाली, "नांग, मिठानं तुझी कातडी मेली आहे. फोनला वाटतं लाकूड लागलं."

तीस वर्षं सुरी धरलेलं बोट. मेलं म्हणे!

शेवटी वाकडं करून पेराची गाठ लावली. लागलं.

१६ एप्रिल

दिसली.

कसं लिहू? माचावर बसले, चारी बाजूंना मासे, मध्ये मी. गाठीनं दाबलं. काळोख. मग उजेड. मग एक कान, मग खिडकी, मग माझी रोविलिन! गाल भरलेत. गालावरचा तीळ तिथेच. तिनं ओठ चावला आणि डाव्या तळव्यावरून उजव्या हाताची कड सरकन ओढली — मासा चिरल्यासारखी. ही माझी खूण. चार वर्षांची असताना तिनंच पाडलेलं माझं नाव. शाळेतल्या सिस्टरांनी तिला हातांची मोठी शहरी बोली शिकवली, मला वाटलं होतं आमची घरची विसरली असेल.

विसरली नाही!

आणि मी गाढव. एका हातात फोन! आमची निम्मी बोली दोन हातांची. 'मी' म्हणायला दोन हात, 'पोट' म्हणायला दोन, 'घाबरू नको'ला दोन. मी अर्धं अर्धं बोलत होते आणि ती भुवया वर करून, काय? काय? फोन खाली ठेवून बोलावं तर तिला नुसतं आभाळ. मग आम्ही दोघी हसत सुटलो. मग ती रडली. मग तीन दिवसांचा लोड तेवढ्यातच संपला.

१७ एप्रिल

उरलेले दोनशे मोडले आणि आणखी लोड भरला. फोन माचाच्या खांबाला जाळ्याच्या दोऱ्यानं करकचून बांधला. तेबाननं दारातून बघितलं. "चोर पकडलास की काय?"

दोन्ही हात मोकळे. मग सगळं निघालं.

भीती ही — बाळ रडलं तर आम्हाला कळणार कसं? नीलोला नाही, मला नाही. शेजारीण सांगते, अशांनी पोर काढू नये. हे सांगताना तिचे हात इतके बारीक झाले, छातीशी, कुणी बघेल म्हणून लपवल्यासारखे. मेसेजात हे कुठून कळणार होतं मला!

त्या शेजारणीला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. हातांनी म्हणाले, आणि रोविलिनला हसू आलं.

मग मी तेबानला लंगडत लंगडत माचावर आणला. त्यानं दाखवलं. होडीत एकटा असला की तो गळाची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पडतो. मासा लागला की अंगठा ओढला जातो, जाग येते. त्यानं अंगठा दाखवला — वळ आहे तिथे. मग हवेत झोळी काढली. झोळीला दोरी. दोरी रोविलिनच्या मनगटाला.

ती बघतच राहिली. मग तिनं स्वतःच्या मनगटाला दुसऱ्या हातानं हळूच ओढून बघितलं. एकदा. दोनदा.

दीड दिवसाची बोट. आणि त्याचा अंगठा तिथे पोचला.

११ जून

मुलगी! नीलोचा मेसेज. दोघी ठीक.

१५ जून

बघितली. झोपलेली, मूठ गालाखाली. रोविलिननं मूठ उघडून काचेसमोर धरली. पाचही बोटं. नखं तांदळाच्या कणीएवढी. पिदियोच्या त्या साडेसहा हजारवाल्यात याहून काय जास्त दिसलं असतं?

झोळीला दोरी बांधली आहे. निळी, नायलॉनची. मी बघत असतानाच ती हलली आणि रोविलिन दुसरीकडे तोंड करून असूनही वळली!

तेबाननं नंतर विचारलं, "पोरीला ऐकू येतं का गं?"

"मला काय माहीत! चार दिवसांची आहे."

"नसलं तर?"

"नसलं तर काय? आपल्याला भाषा येते की तिची."

त्यानं दुखरा पाय सरळ केला. मग म्हणाला, "हो, ते आहेच."

२ ऑगस्ट

सहा दिवस वादळी वारा. रेघ नाही, मासे नाहीत, माचाचा एक कोपरा गेला. फोन पोटाशी बांधून झोपते. तेबान म्हणतो अंडं घालशील.

२४ ऑगस्ट

ती हसते आता. मी हात हलवले की हसते. काल मी तिच्यासाठी नाव पाडलं — करंगळीनं करंगळीला आकडा. रोविलिनला आवडलं. तिनं लगेच नीलोला दाखवलं, तो कणीक माखलेल्या हातांनी करून बघत होता.

विचार आला, रोविलिनला मी चोवीस वर्षांत एकदाही अंगाई म्हटली नाही. कशाला म्हणणार? पाठीवर ताल धरायची फक्त. जगावर ओरडत फिरले आणि लेकीपाशी नेहमी गप्प. त्याचं कधी काही वाटलं नाही. आजही वाटत नाही. सहज आठवलं.

१९ सप्टेंबर

रोविलिननं फोन टेकवून ठेवला आणि बाळाच्या पाठीमागे जाऊन पातेल्यावर डाव मारला. मला काही ऐकू आलं नाही. तिलाही नाही. बाळानं मान वळवली.

दुसऱ्या बाजूनं मारला. तिकडे वळवली.

तिसऱ्यांदा मारला नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग बाळाला उचलून काचेजवळ आणलं आणि खूण केली — आई, तू तोंडानं बोल हिच्याशी.

मी बोलले. किती तरी बोलले. बाळ माझे हलणारे ओठ बघत होतं.

उद्या पहिल्या होडीनं पिदियोकडे जायचं. आवाजाचा फोन हवा. आणि पासिंगला विचारायचं, तिला एखादी अंगाई येते का.