भिंतीवरचे हे

मैलापूर, चेन्नई

ती. आईस,
क्षमाचा नमस्कार. मी वेळेवर जेवते, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

हे गेल्यावर त्यांच्या सत्ताधारी पक्षाने गल्लीभर श्रद्धांजलीची पोस्टर्स लावली होती. आता आश्वासनांना कंटाळून सगळी गल्ली एका नव्या छोट्या पक्षाकडे वळली आहे. भिंती नव्या कागदांनी भरल्या, फक्त ह्यांचे चेहरे तेवढे मोकळे ठेवलेत. शेजारच्या राजसबाई म्हणाल्या, "अण्णांच्या तोंडावर खळ कोण लावेल गं?"

काल मीही नव्यांनाच मत दिलं. ह्यांच्यासमोरून जाववेना, म्हणून शाईचं बोट पदरात लपवून मागच्या बोळाने परतले. त्या बोळात ह्यांचं पोस्टर कधीच नव्हतं. काल होतं, आणि खळ अजून ओली होती.

आई, चार दिवस इकडे येतेस का?

तुझी,
क्षमा