डीजे बसू म्हणजे मी

७ मे २०००

काल अख्खी परळी नाचली! माझ्या गाण्यावर! माझ्या!!

बसव जयंतीची मिरवणूक. ट्रॅक्टर आमचा, स्पीकरचे डबे आमचे — अप्पांचा धंदाच तो, मंडप अन् साऊंड — पण आतली कॅसेट मी केलेली. मी मोंढ्यात, बाजाराच्या चौकात, काकूच्या गॅलरीत, बायकांच्या घोळक्यात. ओढणी नीट घे म्हणून काकू सारखी चिमटे काढायली. खाली पोरं अशी नाचायली की चप्पल कुणाची, टोपी कुणाची, पत्ता न्हाई. शंकरप्पा किराणावाले, ज्यांना दुकानात उठून साखर द्यायचा कंटाळा, ते दोन्ही हात वर करून!

मिरवणुकीचे अध्यक्ष मोहनराव ओरडले, "मन्मथप्पा, डीजे कुठला आणला हो?" अन् अप्पांनी माईक घेतला. मी कठड्यावरून वाकले. आता माझं नाव घेणार!

"आपल्याच घरचा! डीजे बसू!"

बसू म्हंजे आमचा बस्या. बसवेश्वर. माझा धाकटा भाऊ. ट्रॅक्टरवर वायरी धरून उभा होता, त्याचं तेवढंच काम. लोकांनी त्यालाच खांद्यावर घेतलं. बावळटासारखा हसत होता.

घरी आल्यावर अप्पांना विचारलं, माझं नाव कावून न्हाई घेतलं? तर म्हणले, "पोरीचं नाव कुणी माईकवर घेतं का? लग्न व्हायचंय तुझं."

लई राग आला. ताट सरकवून उठले. मग गोदामात येऊन बसले अन् एकटीच हसायला लागले. अख्खं गाव बसू-बसू करतंय, अन् बसू म्हंजे मी! कुणाला ठाऊक न्हाई! मज्जा वाटली, खोटं कशाला बोलू. चला, डीजे बसू तर डीजे बसू. नाव कुणाचं का असंना, बोटं माझी हायत.

९ मे

लाईट गेली. थर्मल वीजकेंद्राची चिमणी आमच्या गच्चीवरून दिसती, तिची राख आमच्या पापडांवर पडती, अन् वीज दुसऱ्याच्या गावाला! कॉम्प्युटरवरचं अर्धं गाणं सेव्ह केलं नव्हतं. गेलं. ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत न्हाई.

२३ मे

लग्नसराई. रोज एक पार्टी येऊन विचारती — "डीजे बसूची तारीख मोकळी हाय का?" अप्पा ऐटीत वही उघडतेत.

मी गोदामात. एका बाजूला मंडपाचं कापड, एका बाजूला खुर्च्या, मधी कॉम्प्युटर. गावातला एक कॉम्प्युटरचा क्लास बंद पडला तवा अप्पांनी बिलं करायला म्हणून घेतला होता. बिल एकबी झालं न्हाई. पुण्याच्या मामानं गाणी करायच्या सॉफ्टवेअरची सीडी दिली अन् मी बसले ती बसलेच. आवाजाचा तुकडा घ्यायचा, कापायचा, जोडायचा, परत परत वाजवायचा. बाकीचे लोक तयार ढोल घेतेत. मी न्हाई घेत. टेम्पोतून मंडपाचे पाईप खाली टाकताना जो खणखणाट होतो ना, तो टेप केला. स्टेशनवर कोळशाच्या वाघिणी एकमेकीला धडकतेत, तो टेप केला. त्याच्यावर माझं नवं गाणं उभं हाय. मुंबईवाल्यांनी करून दाखवावं!

आई दार उघडून पाच मिनिटं ऐकत उभी राहिली. मग म्हणली, "ह्याला सुरुवात हाय, मधलं हाय, शेवट कुठंय गं?"

दानम्माबाई, शेवट केला तर लोक नाचायचं थांबतेत!

४ जून

आज पोट धरून हसले. बस्या वरातीत ट्रॅक्टरवर गॉगल घालून, कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून मान हलवायलेला. अन् हेडफोनची वायर? त्याच्याच खिशात! पोरी त्याच्याकडं बघायल्या. एकीनं तर गुलाब फेकला म्हणे.

घरी आल्यावर माझ्या मागं मागं. "अक्का, त्यो पायपाचा आवाज उलटा कसा केला गं?"

म्हणलं, तुला काय करायचंय? तू गॉगल पूस.

"शिकव की. थोडं थोडं."

न्हाई शिकवणार. गुलाब त्याला, टाळ्या त्याला, अन् अक्कल पण त्यालाच देऊ? वा रे वा!

२८ जून

आष्टीचं स्थळ आलतं. मुलगा केदारनाथ, किराणा होलसेल. बरा हाय दिसायला. तोंड त्याच्या आईला जास्त. पोहे, चहा, वाकून नमस्कार, सगळं केलं.

त्याच्या आईनं विचारलं, "गाणं-बिणं येतं का?"

"येतं."

"म्हण की एखादं."

"म्हणत न्हाई. करते."

अप्पांना एकदम ठसका लागला. आई पाणी आणायला पळाली, पाणी समोरच होतं! मुलगा हळूच म्हणला, "म्हंजे ते ढिच्चिक ढिच्चिक?" म्हणलं हो, तेच. "आवाज लई होतो त्याचा." म्हणलं, दार लावायचं.

ते गेल्यावर मला वाटलं आता झोडपतेत. तसं न्हाई. अप्पा लई गोड बोलले, ते जास्त वाईट. "वर्षा, तू आज ना उद्या जाणारच. जायच्या आधी बस्याला सगळं शिकवून जा. गावात नाव झालंय, धंदा मोडू नये."

म्हंजे मी आष्टीत साखरेची पोती मोजायची, अन् डीजे बसू इकडं परळीत जिवंत राहणार! माझ्याशिवाय! माझ्याच गाण्यांवर!

कॉम्प्युटरला पासवर्ड टाकला.

३ जुलै

आष्टीचा होकार आला. अट एकच — "लग्नानंतर असलं काही न्हाई." मी नकार कळवायला सांगितला. आई दोन दिवस बोलली न्हाई. न बोलू दे. मी रडणार न्हाई. रडले न्हाई.

११ ऑगस्ट

बीडहून सुग्रीवशेठ आलते. त्यांचं कॅसेटचं मोठं दुकान, जिल्हाभर माल जातो. गणपतीला कॅसेट काढायची म्हणतेत — 'डीजे बसू नॉनस्टॉप'. कव्हरवर बस्याचा गॉगलमधला फोटो. फोटोवालाच सोबत आणलता!

मी चहा घेऊन गेले अन् तिथंच बसले. म्हणलं, गाणी माझी हायत. नाव माझं टाका. वर्षाराणी.

सुग्रीवशेठ आधी अप्पांकडं बघून हसले, मग बस्याकडं बघून, मग त्यांना कळलं की कुणीच हसत न्हाई. "ताई," म्हणले, "तुमची हुशारी मान्य. पण गल्लीगल्लीत पोरं डीजे बसू म्हणून बोंबलतेत. वर्षाराणी म्हणलं की लोकांना भक्तिगीतं वाटतील."

"मग वाटू दे. लावल्यावर कळंल."

"अगं पोरी, लावणार कोण?"

अप्पा जमिनीकडं बघायले. बस्या एवढंच म्हणला, "अक्का, टाकू दे ना. मी घरात सांगतोच की सगळ्यांना, तूच करतीस म्हणून." घरात! घरात कुणाला माहीत न्हाई? मांजराला माहीत हाय!

म्हणलं, शेठ, चहा घ्या अन् निघा. नाव न्हाई तर गाणं न्हाई. एकबी न्हाई.

निघाले बिचारे. फोटोवाला जाता जाता मला म्हणला, "ताई, तुमचा काढू का?" म्हणलं काढ. काढला. बघू देतो का.

१ सप्टेंबर

गणपती बसले. अप्पा म्हणले, विसर्जनाची कॅसेट दे. म्हणलं देते. मीच घेऊन येते, ट्रॅक्टरवर.

त्यांना वाटलं गंमत हाय.

१३ सप्टेंबर

झालं. काल झालं.

भर उन्हात, मोंढ्याच्या चौकात, मंडळाचा ट्रॅक्टर थांबलेला. "डीजे बसू, लाव की!" म्हणून पोरं बोंबलायली. बस्या वर उभा, हातात कॅसेट न्हाई. माझ्याकडं बघायलेला, मी ओट्यावर. मी ओढणी कमरेला बांधली अन् चढले. कुणी हात दिला न्हाई. गुडघा फुटला, तरी चढले. कॅसेट टाकली, बटन दाबलं अन् माईक घेतला. मोठ्यानं म्हणलं, "हे गाणं मी केलंय. याच्या आधीची पण सगळी मीच केलीत. माझं नाव वर्षाराणी."

आधी पोरं एकमेकांकडं बघायली. मग कुणीतरी फिदीफिदी हसलं. एकानं शिट्टी मारली, ती घाण शिट्टी. मागून एक आवाज आला — "मग बस्या काय करायचा बे? गॉगल पुसायचा?" अन् अख्खा चौक हसला. माझ्यावर न्हाई. बस्यावर.

तेवढ्यात कॅसेटची सुरुवातीची कोरी फीत संपली अन् पाईप वाजले. माझे पाईप. अन् नाचले, मेले! नाचले सगळे! हसणारेबी नाचले, शिट्टीवालाबी नाचला. मी शेवटपर्यंत वर उभी होते. काकू गॅलरीत दोन्ही हात तोंडावर ठेवून.

मिरवणूक संपल्यावर मोहनराव अप्पांना म्हणले, "पुढल्या साली दुसरा साऊंड बघतो. राग मानू नका." अप्पांनी राग मानला न्हाई. माझ्याशी बोललेबी न्हाईत.

बस्या कधी उतरला, कुठं गेला, बघितलंच न्हाई मी.

१४ सप्टेंबर

बस्या पुण्याला गेला. सकाळच्या गाडीनं. मामाकडं. आईला फक्त म्हणला, "मला गावात तोंड दाखवायला जागा न्हाई."

अन् मला होती व्हय? मला कधी होती?

गोदामात जाऊन बघितलं — माझ्या कॅसेटी विस्कटलेल्या. किती नेल्या, कुठल्या नेल्या, कळंना. जाताना हात मारूनच गेला. चोर!

२० ऑक्टोबर

तारखा गळाल्या. "डीजे बसू न्हाई का? मग राहू द्या." लोकांना तेच गाणं पाहिजे, तोच खणखणाट पाहिजे, फक्त वाजवणाऱ्याला मिशी पाहिजे.

मी टेम्पोच्या मागं स्वतः ब्रशनं लिहिलं — 'डीजे वर्षाराणी'. 'र्षा' जरा वाकडा आला. असू दे वाकडा.

१२ नोव्हेंबर

कपिलधारच्या यात्रेत दरसाल आमचा साऊंड असतो. भजनं-कीर्तनं, आपलं साधं काम. औंदा बस्या न्हाई, आज अप्पा अन् मी दोघंच निघालो. मला वाटलं अप्पा मला नेणार न्हाईत. टेम्पो सुरू केला, दार उघडं ठेवलं, अन् बसून राहिले. मी चढले.  घाटात अप्पा एवढंच म्हणले, "तो 'र्षा' नीट करून घे. धंद्याची पाटी हाय ती."

करणार न्हाई. पण लई बरं वाटलं.

१७ डिसेंबर

पहिली तारीख! माझ्या नावानं! मुलींच्या शाळेचं गॅदरिंग. हेडबाई केशरबाई स्वतः आल्या, म्हणल्या, "मिरवणुकीत चढली ती तूच का गं? मग तूच पाहिजे." पोरी बेंचवर चढून नाचल्या. सातवीची एक येऊन म्हणली, "ताई, मी बटन दाबू?" म्हणलं दाब, तुटलं तर माझ्या बापाचं हाय!

९ जानेवारी २००१

स्टेशन रोडला दुकानाच्या काचेत कॅसेट. 'डीजे बसू नॉनस्टॉप'. वर बस्या, गॉगल घालून. खाली सुग्रीवशेठच्या दुकानाचं नाव.

काढलीच! माझे पाईप, माझ्या वाघिणी, माझी सगळी मेहनत उचलून काढलीच! विकत घेतली अन् पिशवीत कोंबली. ऐकायचं काय त्यात, पाठ हाय मला सगळं. 

अप्पांना म्हणलं, मी बीडला चालले. कॉम्प्युटर टेम्पोत टाकून. सुग्रीवशेठच्या दुकानासमोर लावते, एक एक तुकडा वाजवून दाखवते बाजारात. कुणाचं हाय ते कळू दे जिल्ह्याला. तुमच्या लेकाची अब्रू गेली तर जाऊ दे.

वाटलं, आता वरडतेत. अप्पांनी कॅसेट हातात घेतली, फोटोकडं बघितलं. मग म्हणले, "परवा टेम्पो मोकळा हाय. मी चालवतो. नाव तुझं पाहिजे होतं. मी तवा माईकवरच घ्यायला पाहिजे होतं."

मग मात्र रडले. रागानं रडले, असं लिहून ठेवते.

११ जानेवारी

निघायच्या आधी ऐकली. कुठं कुठं माझं हाय, खूण करून ठेवावी म्हणून. दोन्ही बाजू ऐकल्या.

माझं काहीच न्हाई त्यात. एक ठोका न्हाई. पुण्याला मामाकडं बसून बस्यानं स्वतः केलीय सगळी. एका गाण्यात अप्पांचा आवाज हाय — "हॅलो, माईक टेस्टिंग, हॅलो" — कापून कापून असा जोडलाय की माझे पाय आपोआप हलले. मला हे कधी सुचलं नसतं.

चांगली हाय. लई चांगली हाय. चोरली असती तर बरं झालं असतं.

अप्पा बाहेर हॉर्न वाजवायलेत. म्हणलं, टेम्पो आत घ्या, बीडला न्हाई जायचं. मला गोदामात काम हाय.