बर्फावर उतरणारी कॉफी

रविवार, संध्याकाळ. आर. के. पुरम

आज माझ्या तोंडून काय गेलं हे!

लेक मुग्धा गाझियाबादहून आली होती. तिने आल्या आल्या तिच्या बाबांचा कॉफी गाळायचा ब्रूअर काढला. हे गेल्यापासून तो कपाटात तसाच पडून होता. तिने कॉफी गरम पाण्यात भिजत ठेवली आणि मग खालचा खटका दाबला. कॉफी खालच्या पेल्यातल्या बर्फावर उतरली, तसा बर्फ तडतडला. मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. तिथूनच ओरडले, "अहो, बर्फ कमी घाला, घसा बसेल!"

लेकीने ऐकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आतून तिचा आवाज आला, "कमीच घातलाय." अगदी ह्यांच्यासारखा, जरासा वैतागलेला.

आम्ही कॉफी प्यायलो. ती तडतड अजून कानात आहे. तुलाही असं होतं का, हे तिला का नाही विचारलं मी?

निघताना म्हणाली, "आई, हा ब्रूअर मी नेऊ का? तुला इथे हा बघून उगाच त्रास."

"हो हो, ने," मी म्हणाले.

ती जिना उतरायला लागली. मी अनवाणीच मागे धावले आणि तिच्या हातातून तो परत घेतला.