निवळलेलं पिंप

ब्रॅकनशॉ, लँकेशर
४ फेब्रुवारी १९७३

प्रिय क्लिफदादास,

स. न. वि. वि.

वहिनींचा खोकला गेला का? इथे आमची झोप उडाली आहे. ज्या मोठ्या कंपनीने तुमच्या गावातली बिअरची जुनी भट्टी गिळली, तिचं फर्मान आलंय की आमच्या पबमधले बिअर ओढायचे हातपंप काढा आणि पोलादी पिंपातली गॅसची बिअर विका. मी फोनवर इतकी भांडले, की शेवटी कंपनीचे साहेब म्हणाले, शुक्रवारी येऊन तुमची लाकडी पिंपातली चाखतो, नितळ निघाली तर पंप राहू देतो.

दादा, पंप गेले तर सेथचं काय होईल? अर्धांगाच्या झटक्यापासून माझ्या नवऱ्याला माझं नावही आठवत नाही. पण रोज सकाळी तळघरात उतरतो, पिंपांवर हात फिरवतो, आणि तेवढा वेळ तो माझा जुना सेथ असतो. तेवढंच उरलंय रे माझ्याकडे. तू पिंपं बांधतोस, तुझ्या हातच्या चांगल्या पिंपातली बिअर पाठव.

लोभ आहेच, या वेळी जरा जास्त असू दे.

तुझी,
एनिड

६ फेब्रुवारी

चि. एनिडला,

अनेक आशीर्वाद. वहिनीचा खोकला आहे तिथेच, आणि माझ्यावरचा रागही. कंपनीला ऊठसूट शिव्या घालू नकोस बाई, तिच्याच पगारावर आमची चूल पेटते. अर्थात तीही कधी विझेल सांगता येत नाही, लाकडी पिंपं आता हवीत कुणाला?

भरलेलं पिंप आजच गाडीवर चढवलंय. गाळ तळाशी बसेपर्यंत त्याला बोटही लावायचं नाही, हे तुला सांगायला नको. तुझ्या पबात डॉमिनो खेळत बसणाऱ्या त्या म्हाताऱ्यांना तळघरात फिरकू देऊ नकोस. सेथची गोष्ट वेगळी, त्याच्या हातांना सगळं कळतं.

धीर धर, आणि भावावर लोभ ठेव.

क्लिफ

१० फेब्रुवारी

प्रिय दादास,

स. न. वि. वि.

सगळं संपलं रे. काल सकाळी बिअर आरशासारखी नितळ होती, मी स्वतः पाहिली. साहेब यायच्या आधी सेथ नेहमीसारखा खाली गेला. बिअर तळाला गेली की पिंप मागून उचलून खाली पाचर ठोकायची, म्हणजे शेवटची बिअरही निघते, हे त्याचं जन्माचं काम. पण पिंप भरलेलं आहे हे त्याला उमगलंच नाही. ठोकल्याचा आवाज वर ऐकून मी खाली धावले, तोवर त्याने पिंप तिरपं केलं होतं आणि तळाचा सगळा गाळ ढवळला होता. केवढा खूश दिसत होता!

साहेबांनी ग्लास उजेडात धरला, तर आत नुसतं साबणाचं पाणी. डॉमिनोवाल्यांतला हार्टली म्हातारा म्हणाला, माझ्या लग्नात याहून वाईट प्यायलोय, आणि ग्लास रिकामा केला. कुणी हसलं नाही. पिंप कुणी हलवलं, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, मीच, माझीच अक्कल शेण खायला गेली होती. सेथ शेजारीच उभा होता.

सोमवारी पंप उखडायला माणसं येतील. दादा, मला एक रिकामं पिंप देशील का? कसलंही चालेल.

तुझ्या लोभावरच जगणारी,
एनिड

१५ फेब्रुवारी

चि. एनिडला,

अनेक आशीर्वाद. चूक माझी, मीच सेथच्या हातांची ग्वाही दिली होती. आमचा पिंपांचा कारखाना महिनाअखेर बंद होतोय. मी शेवटचं बांधलेलं पिंप कंपनीला न विचारताच पाठवतोय. मला काय आता कामावरून काढणार आहेत?

रडत बसू नकोस, आमच्यावर लोभ राहू दे.

क्लिफ

२ मार्च

प्रिय दादास,

स. न. वि. वि.

पिंप पोचलं. पाण्याने भरून तळघरात जुन्या जागी आडवं ठेवलंय. पंप गेल्यापासून सेथ खालच्या रिकाम्या घडवंचीपाशी नुसता उभा राहायचा, जेवतही नव्हता. आता रोज खाली जातो, पाचर ठोकतो, काढतो.

काल त्याने पिंपाच्या नळातून ग्लास भरला, उजेडात धरून कितीतरी वेळ निरखला. मग माझ्याकडे वळला आणि चक्क माझं नाव घेतलं रे! म्हणाला, एनिड, आता निवळलीय, बोलाव तुझ्या साहेबाला. मी बरं म्हटलं, वर आले आणि गॅसची बिअर ग्लासांत सोडत राहिले. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

वहिनींना नमस्कार. लोभ असू दे, आणि लाकूड कुजू नये म्हणून पाणी केव्हा केव्हा बदलायचं ते लवकर कळव.

तुझी,
एनिड